लाल टिंबांचं भाषण

दोन वर्षांपूर्वी एका परदेशी पाहुण्यासमोर मी सलग अकरा मिनिटं इंग्रजीत बोललो. पाहुणा अतिशय सभ्य होता. बंद दाराकडे, आतून कोणीतरी उघडेल या आशेने बघत राहावं, तसा तो अकरा मिनिटं माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माझं संपल्यावर त्याने टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग शेजारी उभ्या असलेल्या फाडफाडकडे वळून त्याने हळूच विचारलं, "हे गृहस्थ कुठली भाषा बोलत होते?"

फाडफाड म्हणजे आमच्या खरेदी विभागातला तरुण. इंग्रजी फाडफाड बोलतो म्हणून हे नाव. त्या दिवशी त्याने माझ्या इंग्रजीचं इंग्रजीत भाषांतर केलं. तीन मिनिटांत. पाहुण्याला सगळं कळलं.

माणसाने अपमान गिळावा, हे मलाही मान्य आहे. पण तो आधी नीट चावता तरी यायला हवा.

आमचा कारखाना नळ बनवतो. मी ते नळ तपासतो. म्हणजे मी नाही, माझं मशीन. ते नळ उघडतं, बंद करतं, उघडतं, बंद करतं, असं दोन लाख वेळा करतं आणि नळ कितव्या वेळी हात टेकतो ते आकड्यात दाखवतं. एकोणीस वर्षांपूर्वी मी आणि आमच्या मिस्त्रींनी ते दोघांनी मिळून उभं केलं. त्याचा एकही स्क्रू असा नाही की जो माझ्या हातून एकदा तरी खाली पडून मशीनखाली गेलेला नाही. (माझ्या स्वतःच्या घरातला नळ गळतो. तो विषय इथे अप्रस्तुत आहे.)

तर यंदा एक नवं, मोठं, परदेशी गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता निर्माण झाली आणि त्यांच्या तपासनीस बाई मशीन बघायला येणार असल्याचं पत्र आलं. बाईंना मशीन पटलं तर त्यावर तपासलेला माल ते घेणार. नाही पटलं तर तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत, मशीन भंगारात आणि मी पॅकिंग विभागात. पॅकिंग विभाग वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तिथे खोके असतात.

मोठ्या साहेबांनी बैठक बोलावली. "सात मिनिटं मशीनची माहिती द्यायची. इंग्रजीत. कोण देणार?"

"मी," मी म्हणालो.

साहेबांनी आधी फाडफाडकडे बघितलं.

"तसं तुमचं इंग्रजी चुकीचं नाही हो," साहेब म्हणाले. "व्याकरण तर माझ्यापेक्षा चांगलं आहे. फक्त ते... कळत नाही."

"सर, जोर चुकतो," फाडफाड म्हणाला. "शब्दात जोर जिथे द्यायला हवा तिथे तुम्ही देत नाही. आणि जिथे द्यायचा नाही तिथे फार प्रेमाने देता."

साहेबांनी मला सहा आठवडे दिले आणि फाडफाडला राखीव ठेवलं. राखीव माणसाच्या चेहऱ्यावर जे एक समंजस स्मित असतं, ते त्याने त्याच दिवसापासून लावायला सुरुवात केली.

आता हे जोराचं प्रकरण काय आहे ते सांगतो, कारण मला ते कळायला पन्नाशी उलटावी लागली. आपल्या भाषेत शब्दातली अक्षरं शहाण्या मुलांसारखी एका रांगेत उभी असतात. सगळ्यांना साधारण सारखी वागणूक. इंग्रजीत तसं नाही. तिथे प्रत्येक शब्दात एकच अक्षर खुर्चीवर बसतं आणि बाकीची चपलांपाशी उभी असतात. बरं, कुठलं अक्षर बसणार याला नियम? आहेत ना. चोवीस नियम आहेत आणि प्रत्येक नियमाला त्याच्यापेक्षा मोठा अपवाद आहे. 'फोटोग्राफ' म्हणताना 'फो' खुर्चीवर. तोच फोटो काढणारा 'फोटोग्राफर' आला की 'फो' उठतो आणि 'टॉ' बसतो. आणि 'फोटोग्राफिक' म्हणालात की दोघेही उठतात, 'ग्रॅ' बसतो. एवढी उठाबशी तर आमच्या बैठकीत साहेब आत आल्यावरही होत नाही.

शिस्तीचा माणूस म्हणून मी आधी कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात गेलो. तिथे इंग्रजी उच्चारांचा वर्ग भरतो असं सूचनाफलकावर लिहिलं होतं. तिथल्या बाईंनी माझी फाईल काढली.

"तुम्हाला नाही घेता येणार. वर्ग इंग्रजी न येणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या नेमणुकीच्या कागदावर 'इंग्रजी : उत्तम' असं लिहिलंय."

"ते मीच लिहिलं होतं. चोवीस वर्षांपूर्वी."

"म्हणजे खोटं लिहिलं होतं?"

"खोटं नाही. आशावादी."

बाईंनी चष्मा पुसला. "खोटी माहिती दिली असं म्हणालात तर चौकशी लागेल. त्यापेक्षा असं करा. तेव्हा उत्तम होतं, नंतर खालावलं, असा अर्ज द्या. सोबत वैद्यकीय दाखला लागेल."

मी कारखान्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला 'आ' करायला लावलं, जिभेवर चमचा ठेवला, घशात बॅटरी मारली आणि लिहिलं : 'बोलण्यास पूर्णपणे समर्थ'. या दाखल्यामुळे माझा अर्ज कायमचा निकालात निघाला. शिवाय फाईलमध्ये तो दाखला लागल्यामुळे बैठकीत गप्प बसण्याची माझी जुनी सवलतही गेली.

मग राहिलं घर.

माझी मुलगी कॉलेजात शिकते. तिने माझी सात मिनिटं ऐकली, माझ्यावर दया केली आणि एक रबरबँड आणून दिलं. "बाबा, हे दोन अंगठ्यांत धर. शब्द म्हणताना जोर येईल तिथे ताण. बाकीच्या अक्षरांना सैल सोड. हाताला कळलं की तोंडाला कळतं." पद्धत शास्त्रीय आहे असं ती म्हणाली आणि मला पटलंही. पहिल्या आठवड्यात मी 'इंडिकेटर'मधला 'इन्' अकरा वेळा अचूक ताणला. बाराव्या वेळी रबरबँड सुटलं आणि पुढ्यातल्या आमटीच्या वाटीत पडलं. बायकोने ते चमच्याने बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवलं आणि काही बोलली नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात तिचं काही न बोलणं मी जोरासकट ओळखतो.

समोरच्या घरात एक निवृत्त उद्घोषक राहतात. विमानतळावर तीस वर्षं त्यांचा आवाज घुमत असे. आमच्या इमारतीत त्यांना 'कृपया-लक्ष-द्या' म्हणतात. त्यांना माझ्या अभ्यासाची कुणकुण लागली आणि ते आपणहून आले.

"रबरबँड? छे! पोरखेळ आहे तो. जोर पोटातून यायला हवा. आणि पोटात जोर येतो गुडघ्यातून. जिथे जोर, तिथे गुडघा थोडा वाकवायचा. मी तीस वर्षं माइकसमोर हेच केलं."

"लोकांना दिसत नसे?"

"अहो, लोकांना मी दिसतच नव्हतो!"

हा मुद्दा तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवा होता. पण गुडघ्याचा उपाय लागू पडला हे कबूल करायला हवं. 'कम्-पो-नंट' म्हणताना 'पो'वर गुडघा वाकला की शब्द आपोआप सुरेख निघायचा. मी लिफ्टमध्ये, भाजीच्या रांगेत, दाढी करताना शब्द म्हणू लागलो. खालच्या मजल्यावर एक फिजिओथेरपिस्ट बाई राहतात. त्यांनी तीन दिवस मला जिन्यात मध्येच खचताना पाहिलं आणि चौथ्या दिवशी दारात येऊन व्यायामाचा छापील तक्ता दिला. "लाजू नका. या वयात होतं. दुर्लक्ष मात्र करू नका." मी त्यांना सांगणार होतो की गुडघा ठणठणीत आहे, 'ड्युरबिलिटी' म्हणतोय. पण ते वाक्य मनात म्हणून बघितल्यावर मी तक्ता घेतला आणि आभार मानले.

याहून मोठी चूक म्हणजे मी इतरांना सुधारायला लागलो. नव्या ज्ञानाचा हा दोष आहे, ते गप्प बसू देत नाही. बायको फोनवर बहिणीला म्हणाली, "त्या हॉटेलात जाऊ या," आणि मी पेपरमागून म्हणालो, "'टेल'वर जोर. हो-टेल."

तिने फोन बाजूला धरला. "मी पंचवीस वर्षं चुकीच्या जोराच्या हॉटेलात जेवतेय. अजून कोणी दारात अडवलं नाही."

"समजलं म्हणून अडवलं नाही. पण बरोबर—"

"समजलं ना? मग झालं." आणि फोनमध्ये, "काही नाही गं. यांचं चाललंय. हो, अजून."

त्या शनिवारी त्या दोघी बहिणी हॉटेलात गेल्या. मला नेलं नाही.

पण सहा आठवड्यांच्या शेवटी, सांगायला हरकत नाही, मी तयार होतो. भाषण मी स्वतः लिहिलं होतं. सुरुवात भारदस्त होती : आज आपल्यासारख्या 'डिस्टिंग्विश्ड' पाहुण्यांपुढे बोलणं हा माझा 'ऑनर' आणि 'प्रिव्हिलेज' आहे, वगैरे. त्यानंतर सिलिंडर, गेज, स्प्रिंग, वॉशर असे एकेक भाग. प्रत्येक अवघड शब्दावर, जोर जिथे द्यायचा तिथे, मी लाल पेन्सिलीने एक गोल टिंब दिलं होतं. एकूण एकोणतीस टिंबं. आदल्या दिवशी संध्याकाळी साहेबांनी रंगीत तालीम घेतली. ते म्हणाले, "सगळं कळलं." त्यांच्या आवाजात जे आश्चर्य होतं त्याकडे मी दुर्लक्ष केलं. फाडफाडनेही हात मिळवला आणि राखीव स्मित उतरवून खिशात ठेवलं.

उद्या ऐन वेळी कागद शोधायला नको, म्हणून घरी जाताना मी भाषण मशीनच्या बाजूला टांगलेल्या पाटीला चिमट्याने लावलं.

इथे मला आमच्या कारखान्याची एक पद्धत सांगायला हवी. आमच्याकडे कागदावरचा मजकूर कोणी वाचत नाही, रंग वाचतात. भागाच्या नावावर हिरवी रेघ असली की तेल द्यायचं. निळी रेघ असली की नवीन मागवायचा. आणि लाल टिंब असलं की भाग सोडवून काढायचा, साफ करायचा आणि मांडून ठेवायचा. कागद पाटीला लावायचा आणि मिस्त्रींनी सकाळच्या पहिल्या पाळीत तो बघायचा. फार सुटसुटीत पद्धत आहे. एकोणीस वर्षं त्यात एकदाही गोंधळ झालेला नाही. ती मीच घालून दिलेली आहे.

सकाळी साडेनऊला मी नवा शर्ट घालून विभागात शिरलो. जिथे माझं मशीन होतं तिथे एक लोखंडी सांगाडा उभा होता. त्याच्यापुढे जमिनीवर स्वच्छ पांढरी चादर, आणि चादरीवर माझं मशीन. ओळीने मांडलेलं, पुसलेलं, चकाकणारं, प्रत्येक भागाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. मिस्त्री घाम पुसत उभे होते.

"साहेब, बावीस भाग काढले. पहाटे सहापासून लागलोय. पाहुणे येणार म्हणून तुम्ही सगळंच साफ करायला सांगितलं असणार, म्हटलं बरोबर आहे. पण सात भाग काही सापडले नाहीत."

"कुठले सात?" मी विचारलं. हा प्रश्न मी का विचारला ते मला आजही माहीत नाही.

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "हा 'ऑनर' बघा. मशीनच्या मागेसुद्धा बघितलं. नाही. 'प्रिव्हिलेज' स्टोअरमध्ये विचारला. ते म्हणाले, आपल्याकडे तो कधी आलाच नाही, बाहेरून मागवावा लागेल. आणि हे 'डिस्टिंग्विश्ड' काय असतं? रबराचं असतं का?"

मी चादरीच्या कडेला बसलो. नव्या शर्टाचा विचार केला नाही.

एवढ्यात मोठे साहेब आले. त्यांनी चादरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "हे जोडायला किती वेळ लागेल?"

"दोघे मिळून पाऊण तास," मिस्त्री म्हणाले.

"बाई फाटकापाशी आल्यात."

साहेबांनी फाडफाडकडे मान वळवली. राखीव माणसाची वेळ ही अशीच येते. पण फाडफाडचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "सर, मी सात मिनिटं पाठ केलीत. पण ती उभ्या मशीनची आहेत."

बाई आत आल्या. साठीच्या आसपासच्या, आखूड पांढरे केस, पायात जाड तळाचे बूट. फाडफाडने घसा साफ करून "गुड मॉर्निंग" पासून सुरुवात केली. वाक्य अत्यंत डौलदार होतं. बाईंनी एक हात वर करून ते थांबवलं, कोट काढून त्याच्याच हातात दिला आणि चादरीशी उकिडव्या बसल्या. एक लहानसा वॉशर उचलून त्यांनी उजेडात धरला.

"व्हाय?" त्या म्हणाल्या.

फाडफाडला त्या वॉशरचा पुरवठादार माहीत होता, पुरवठादाराचा पत्ताही माहीत होता. तो वॉशर तिथे का आहे ते माहीत नव्हतं. ते जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यांतल्या एकाला इंग्रजीत भागांच्या नावांपलीकडे काही येत नव्हतं.

"फर्स्ट," मी म्हणालो, "नो वॉशर. वॉटर कम. एव्हरी डे वॉटर कम. ही," मी मिस्त्रींकडे बोट केलं, "व्हेरी अँग्री. थ्री डेज आय थिंक. देन, वॉशर."

माझं व्याकरण! ज्याचं साहेबांनी भर बैठकीत कौतुक केलं होतं ते माझं व्याकरण एका वॉशरपायी गेलं. पण बाईंनी मान हलवली. "हं," त्या म्हणाल्या, वॉशर माझ्या तळहातावर ठेवला आणि सांगाड्याकडे बोट दाखवलं. लावा.

मी लावला. मिस्त्रींनी पाना दिला. बाईंनी दुसरा भाग उचलला. "व्हाय?"

असे बावीस भाग. बाई उचलायच्या, नाव विचारायच्या, का विचारायच्या. मी सांगायचो, दाखवायचो, लावायचो. जोर कुठे पडत होता देव जाणे. गुडघा मात्र सवयीने प्रत्येक नावाला वाकत होता. दोन-तीन भागांनंतर बाई माझ्याबरोबर वाकू लागल्या. खालून बघितल्याशिवाय हा भाग समजत नाही असा त्यांचा समज झाला असावा. मग त्यांचं बघून साहेबही वाकू लागले. शेवटी कोट हातात धरून फाडफाडसुद्धा.

माझ्या एक गोष्ट पाचव्या-सहाव्या भागापासून लक्षात येत होती. बाईंचं इंग्रजी काही त्यांच्या आईचं नव्हतं. ते त्यांनीही माझ्यासारखंच कुठूनतरी शिकून आणलं होतं. त्यांच्या तोंडात प्रत्येक शब्दाचं पहिलंच अक्षर खुर्ची पटकवायचं, मग खुर्ची कोणाचीही असो. 'कम्-पो-नंट'चा त्यांनी 'कॉऽम्पोनंट' केला. सहा आठवडे वाकवलेला माझा गुडघा कळवळला. पण मला शब्द कळला. आणि मी काहीही म्हटलं तरी त्यांना कळत होतं, कारण तो भाग आम्हा दोघांच्या हातात होता.

पावणेअकराला मशीन उभं राहिलं. मिस्त्रींनी कळ दाबली. नळ उघडला, बंद झाला, उघडला, बंद झाला. बाईंनी खोका ओढून घेतला, त्यावर बसल्या आणि शंभर वेळा मोजलं. मग त्यांनी मिस्त्रींशी हस्तांदोलन केलं. मिस्त्रींनी आधी हात पँटला पुसला. साहेबांच्या टेबलापाशी जाऊन बाईंनी कागदावर सही केली. पाच वर्षांसाठी, याच मशीनवर, आणि तपासणारा माणूस बदलायचा नाही अशी ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने खाली घातली. साहेबांनी ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली. पॅकिंग विभागाला माझ्या शुभेच्छा.

जाताना बाई परत विभागात आल्या. कोट घालत त्यांनी मशीनवर थाप मारली.

"गुड मऽशीन," त्या म्हणाल्या.

या शब्दात जोर दुसऱ्या अक्षरावर असतो. नियम क्रमांक नऊ. माझी खात्री आहे, 'कृपया-लक्ष-द्या' यांनाही झोपेतून उठवून विचारलं तरी ते हेच सांगतील.

"येस," मी म्हणालो. "व्हेरी गुड मऽशीन."

बाई हसल्या आणि गेल्या. फाडफाड माझ्या कानाशी वाकला. "सर, जोर चुकला तुमचा."

"माहीत आहे," मी म्हणालो. "त्यांचाही तिथेच चुकतो."